आप्पांच्या रानातलं पाचट

परवा भीमेकाठी कुणीतरी ऊसतोडीनंतर उरलेलं वाळकं पाचट पेटवलं आणि तो गोडसर, करपट धूर माझ्यापर्यंत आला.

वडगाव रासाईतली ती दुपार आठवली. आमचे बांधशेजारी आप्पा पाचट जाळत नसत. ते सरीत कुजवून पुढं गहू घ्यायचा, म्हणत. "आप्पा, पाचटात साप पाळताय का?" असं मी चारचौघांत हसलो होतो.

त्या दुपारी मी माझं पाचट पेटवलं. वारा फिरला आणि आग बांध ओलांडून त्यांच्या रानात शिरली. ओली पोती आपटून आम्ही दोघं थकलो, पण त्यांचं पाचट वाचलं नाही.

"तुझ्यात कशानं लागली रं?" आप्पांनी विचारलं.

"वरच्या तारेची ठिणगी पडली, आप्पा."

त्यांनी तारेकडं पाहिलं. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती; दिवसा तारेत वीजच नसायची.

"असंल," ते म्हणाले आणि खाली बसून राखेखालची माती उकरू लागले. एखादं गांडूळ जिवंत आहे का, बघत होते.

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता मीही पाचट कुजवतो, त्या मातीत गहू जोमानं येतो. आग मीच लावली होती. आप्पांना ते कळलं होतं. माझ्याशी भांडायला त्यांना तेव्हा सवड नव्हती.