कुठून मोजलंत?

जगातली निम्मी भांडणं ‘कुठून मोजलंत?’ एवढं न विचारल्यामुळे होतात, असं माझ्या मोठ्या जाऊबाईंचं ठाम मत आहे. उरलेली निम्मी त्यांनी ते विचारल्यामुळे झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी तीस वर्षं पंपांच्या भागांची ड्रॉइंग काढली. मलाही तिथल्या ऑफिसात त्यांनीच चिकटवलं. त्यांचा नियम एकच: आधी एक पक्की बाजू ठरवायची आणि सगळी मापं तिथूनच घ्यायची. कारखान्यात त्या बाजूला डेटम म्हणतात. कारखान्यात ते ठीक. पण ठाकूरद्वारच्या आमच्या खोलीत फळी ठोकायला आलेल्या सुताराने जमिनीपासून टेप लावला, तर या कडाडल्या, “अहो, चाळीची जमीन ती! तिचाच एक खांदा पडलाय, तिच्यावर कसला भरवसा ठेवता?” सुतार चहासुद्धा न पिता गेला. भाच्यासाठी स्थळ पाहताना मुलीच्या वडिलांनी कौतुकाने तिची उंची सांगितली. यांनी विचारलं, “चपलांसकट?” लग्न तरीही झालं, ही त्या मुलीची सहनशक्ती.

एकदा शंभर पंपांचं काम आलं. पंप आणि त्याचं झाकण, दोन्हींना बोल्टची भोकं पाडायची. ते काम आमच्या ड्रिलवाल्या मालवणी काकांकडे. सगळं तयार झालं आणि झाकणं बसेनात. बोल्ट अर्ध्यात अडायचे. सुटा भाग मोजला तर माप अगदी बरोबर, दोन एकत्र आणले की फारकत. शेठनी सकाळपासून काकांवर तोंड सोडलं होतं. “नजर गेली तुमची, आता गावाला जा!” काका मान खाली घालून तेच झाकण फडक्याने पुसत राहिले. जाऊबाईही दोनदा ओरडल्या, “काका, कुठून मोजलंत?”

“कागदार आसा थयसूनच,” काका पुटपुटले.

जेवणाच्या सुट्टीनंतर जाऊबाईंनी ड्रॉइंग पसरली. झाकणाची मापं मधल्या गोल भोकापासून दिलेली, तशीच हवीत. पंपाची मात्र बाहेरच्या कडेपासून. ती कड ओतकामातली, खडबडीत, दर नगाला वेगळी. ड्रॉइंगखाली सही जाऊबाईंची. त्या उठून थेट मशीनपाशी गेल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “शेठ, काकांचा हात बरोबर आहे. माझा कागद चुकला. काका, मला माफ करा.”

“जावंद्या ओ बाई, होता तसा,” काका म्हणाले. शेठ केबिनमध्ये गेले.

संध्याकाळी जाऊबाईंनी मला ओढतच लालबागला काकांच्या खोलीवर नेलं. काका अजून आले नव्हते. दारातच त्यांनी काकींना सांगून टाकलं, “आज कारखान्यात जे झालं ना, त्यात काकांची काही चूक नव्हती. माझी होती.”

काकी गोंधळल्या. “काय झाला? ह्यांचो जेवच्या सुट्टीत फोन इल्लो, तेव्हा तर म्हणाले, सगळा बरा आसा.”

काकींनी केलेल्या चहावर साय धरली तरी जाऊबाईंचा कप हातातच.

वर्कशॉप आता वसईला गेलं, काका कायमचे गावी. जाऊबाई घरी असतात आणि अख्ख्या चाळीला सरळ करतात. पण काकांचा विषय निघाला की म्हणतात, “सबंध सकाळ तो माणूस मान खाली घालून उभा होता गं. आणि घरी सांगितलं, सगळं बरं आहे.” त्या ‘बरं आहे’पाशी त्यांचा आवाज खाली येतो.