तिच्या नावाने भरलेला रिटर्न

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगड खाल्ले. त्यातलं बरंच आता विसरायला झालं आहे. पण एक प्रकरण विसरता येत नाही, आणि त्यात रक्ताचा थेंबसुद्धा नव्हता. अमेरिकेत शिकणाऱ्या एका मुलीचा इन्कम टॅक्सचा रिटर्न होता, एवढंच. कोणाचंही नाव न घेता लिहितो, कारण त्यातली बहुतेक माणसं अजून इथेच, आपल्याच जिल्ह्यात आहेत.

मी तेव्हा पुसद भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. मार्च महिना, सोमवार. सकाळची हजेरी आटोपून मी टेबलावरचे कागद पाहत होतो, तेव्हा ठाणे अंमलदार एका बाईंना घेऊन आत आला. पन्नाशीच्या, अंगावर अंगणवाडी सेविकेची साडी, हातात प्लास्टिकची फाइल. फुलसावंगीहून पहिल्या गाडीने आल्या होत्या.

"साहेब, माह्या पोरीनं काही खोटं केलं नाही," बसायच्या आधीच त्या म्हणाल्या. "पण तिकडचं सरकार म्हणते, तिनं खोटं लिहून दिलं."

मी त्यांना पाणी दिलं आणि पहिल्यापासून सांगायला लावलं. त्यांची मुलगी सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेत होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती काही तास काम करायची. त्या पगारावर तिथे कर कापला जातो, आणि प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याला वर्षातून एकदा रिटर्न भरावा लागतो. परदेशी विद्यार्थ्याचा फॉर्म वेगळा, तिथे कायमच्या राहणाऱ्या माणसाचा वेगळा. मुलीचा रिटर्न गेला तो दुसऱ्याच फॉर्मवर, आणि तिथल्या रहिवाशांनाच मिळणारी शिक्षणाची सवलत मागून. आता तिथल्या कर खात्याचं पत्र आलं होतं. ठरलेल्या मुदतीत खुलासा द्या. तिथला वकील तिला म्हणाला होता, हे तू केलेलं नाहीस असं दाखवायचं तर भारतातल्या पोलिसांकडे नोंदवलेल्या गुन्ह्याची प्रत आण. नाहीतर पुढच्या नोकरीच्या परवान्यावर याचा डाग राहील.

"रिटर्न कोणी भरला?" मी विचारलं.

बाईंनी नाव सांगितलं.

त्या माणसाला इथे मी सल्लागार म्हणतो. पुसदला बाजारपेठेत त्याचं ऑफिस होतं. दोन वर्षं स्वतः अमेरिकेत राहून आलेला, घराणं शिकलेलं, वडील नावाजलेले वकील. परदेशात गेलेल्या आपल्या भागातल्या मुलांचे रिटर्न तो इथे बसून भरून द्यायचा. फी कमी घ्यायचा, बोलायला गोड. आईबाप त्याला "सर" म्हणायचे. मीही म्हणायचो.

कारण माझा मुलगाही तेव्हा अमेरिकेत होता, आणि मागच्या वर्षी त्याचा रिटर्न याच माणसाने भरला होता. मीच त्याच्याकडे पाठवला होता.

समोर बाई बोलत होत्या आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: माझ्या पोराचा रिटर्न कोणत्या फॉर्मवर गेला असेल?

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. फिर्याद घ्यायची, फसवणूक आणि आयटी ॲक्टची, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याची, कलमं लावायची, आणि दोन पंच घेऊन तासाभरात सल्लागाराच्या ऑफिसवर जायचं. आयटी ॲक्टचा तपास निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, म्हणजे तो माझ्याकडेच येणार होता. मी ते केलं नाही. मी साधा अर्ज लिहून घेतला, त्यावर "प्राथमिक चौकशी" असा शेरा मारला आणि सल्लागाराला समजपत्र पाठवलं: गुरुवारी चौकशीकामी हजर राहावे.

कागदावर यात काहीच चूक नव्हती. तीच त्यातली वाईट गोष्ट.

मंगळवारी बाई पुन्हा आल्या. बुधवारीही आल्या. "साहेब, झालं का काही?" एवढंच विचारायच्या आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहायच्या. मी आत बसून इतर फायली उलटायचो. एकाच पानावर तीनदा सही करायला गेलो, तेव्हा माझं लेखनकाम पाहणाऱ्या रायटर हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. घरी पत्नीने विचारलं, "जेवत काहून नाही तुम्ही?" मी म्हटलं, ऊन लागलं. मुलाला फोन लावायला हात जायचा आणि मागे यायचा. विचारलं नाही तर मला माहीत नाही, असा माझा हिशेब होता. कैक आरोपी माझ्यापुढे असंच बोलले होते आणि मी त्यांना हसलो होतो.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास माझ्या मोबाइलवर फोन आला. सल्लागाराच्या ऑफिसखाली एका मुसलमान गृहस्थाचं झेरॉक्सचं दुकान होतं. जुनी ओळख, कधी उगाचची खबर न देणारा माणूस.

"साहेब, तुमी त्याले बोलावलं हाये का?"

"काहून?"

"काल सांजेपासून कागद फाडून राह्यला. दोन पोते भरले. आता कम्प्युटर गाडीत ठेवून राह्यला. मले काही तरी गडबड दिसते."

मी खुर्चीतून उठलो तो थेट जीपमध्ये. सल्लागार गाडीच्या डिकीशीच सापडला. मला पाहून त्याने हात जोडले. "साहेब, मी तुमच्याकडेच निघालो होतो." पंचांसमक्ष दोन कम्प्युटर, मोबाइल आणि फाडलेल्या कागदांची पोती जप्त केली. ठाण्यात आणून कम्प्युटर सुरू केले तर दोन्ही कोरे. आदल्या दिवशीच फॉरमॅट मारलेला. माझ्या समजपत्राने त्याला तीन दिवस आयते दिले होते.

त्याच दुपारी मी बाईंची फिर्याद घेतली. गुन्हा दाखल केला. सोमवारी जे तासाभराचं काम होतं, ते गुरुवारी केलं.

खोटं बोलणाऱ्याला घाम फुटतो, असं लोकांना वाटतं. माझा अनुभव असा की घाम खऱ्या माणसालाही फुटतो. ठाण्यात येऊन कोणाला फुटत नाही? खोटं बोलणारा तयारीचा असेल तर न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सल्लागार तसाच होता.

"मुलीने स्वतः पाहून मंजूर केलं होतं," तो बसताबसता म्हणाला. "सही तिची, पासवर्ड तिचा."

"मी अजून विचारलं नाही."

"तेच विचारणार ना, साहेब." मग तो थोडा पुढे झुकला आणि अगदी घरच्यासारखं बोलला. "तुमचे चिरंजीव कसे आहेत? त्यांचंही आपणच केलं होतं. हे प्रकरण वाढलं तर तिकडे सगळ्यांचेच रिटर्न उघडतील. लेकरांचं नुकसान होईल."

शेजारी हवालदार लिहीत होता. त्याचा हात थांबला. मी म्हटलं, "लिही. तो जे बोलला ते शब्दशः लिही." आवाज खणखणीत काढला.

संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोललो. बारीक चणीची, चष्मेवाली, डोळे सुजलेले. पण बोलणं मुद्द्याचं.

"सर, त्यांनी मसुदा आईला ऑफिसात बोलावून कम्प्युटरवर दाखवला. मी आईच्या फोनवरून व्हिडिओवर पाहिला. तो परदेशी विद्यार्थ्याचाच फॉर्म होता, मी प्रत्येक ओळ वाचली. मग त्यांनी माझा पासवर्ड मागितला. पाठवताना त्यांनी फॉर्मच बदलला."

"मसुद्याची प्रत?"

"नाही ना. मागितली तर म्हणाले, नंतर देतो." मग तिनेच विचारलं, "सर, अजून कोणाचं असं झालं असेल ना? ज्याच्याकडे आधीचा मसुदा आणि नंतरचा रिटर्न, दोन्ही असतील. एक जण जरी सापडला तरी माझं म्हणणं खरं ठरेल."

मी म्हटलं, "शोधतो." एवढा एक शब्द बोलायला मला फार जड गेलं.

शुक्रवारी सकाळी सातला मुलाला फोन लावला. सगळं सांगितलं, सोमवारपासून.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, तुम्हाले सोमवारी समजलं आणि मले शुक्रवारी सांगता?"

"हो."

"आणि तिची आई रोज ठाण्यात येऊन बसत होती?"

"हो."

"मसुदा माझ्याकडे आहे. मेलवर मागवला होता. कर खात्याकडे प्रत्यक्षात काय गेलं ते त्यांच्या साइटवर दिसतं. पाहतो आणि सांगतो."

तासाभराने त्याचा फोन आला. आवाज बदललेला होता. त्याचाही तोच प्रकार. मसुदा बरोबर, पाठवलेला रिटर्न रहिवाशाचा. खोटी सवलत मागून परतावा वाढवलेला, आणि तो परतावा दोन खात्यांत वाटलेला: मुलाला अपेक्षित तेवढा त्याच्या खात्यात, वरचा सगळा तिथल्या कोणा अनोळखी माणसाच्या खात्यात. त्यामुळे वर्षभर कोणाला शंकाच आली नव्हती. सल्लागाराने स्वतःचं नाव कुठे ठेवलं नव्हतं. दोन्ही रिटर्न विद्यार्थ्याने स्वतः भरल्यासारखेच गेले होते.

पत्नीने माझ्या हातून फोन ओढून घेतला. "तू काही देऊ नको. तुले अजून पत्र आलं नाही ना? मग कायले उकरून काढतो? नोकरी लागून राह्यली तुही."

"आई, हे माझ्या नावानं गेलंय. आज नाही तं उद्या पत्र येईनच. आणि त्या मुलीजवळ दाखवायले काहीच नाही."

तिने फोन माझ्याकडे दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मुलगा म्हणाला, "बाबा, मी जबाब देतो. पण तुमच्याजवळ नाही देणार. दुसरा अधिकारी असेल तरच देतो."

पोराने मला कायदा शिकवला. बरोबरच होता तो.

त्याच दिवशी मी उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे लेखी अहवाल ठेवला. आरोपी माझ्या परिचयाचा आहे, माझा मुलगा यात साक्षीदार आहे, आणि गुन्हा दाखल करण्यात माझ्याकडून तीन दिवस उशीर झाला, असं सगळं लिहिलं. साहेबांनी वाचलं. माझ्याहून वयाने लहान, पण सरळ माणूस.

"उशीर झाला, की केला?" त्यांनी विचारलं.

"केला, सर."

"मग तसं लिहा."

मी तिथेच उभ्याने शब्द बदलला आणि सही केली. तपास जिल्ह्याच्या सायबर शाखेच्या निरीक्षकांकडे गेला. मुलाने दोन्ही कागद आणि मेल त्यांना पाठवले. ते समोर ठेवल्यावर सल्लागाराची तयार उत्तरं संपली. सही मुलाची आणि पासवर्डही मुलाचाच होता, पण मसुदा सल्लागाराच्याच मेलवरून आलेला होता आणि त्यात परदेशी विद्यार्थ्याचा बरोबर फॉर्म होता. तिसऱ्या दिवशी त्याने ते परदेशातलं खातं कोणाचं, ते सांगितलं. त्याच्याबरोबर तिकडे राहिलेल्या एका मित्राचं होतं. पुढे आणखी काही कुटुंबं आली. दोषारोपपत्र दाखल झालं. कोर्टात जे व्हायचं ते होत आहे, त्यावर मी बोलणार नाही.

मुलीने फिर्यादीची प्रत, माझ्या मुलाचे कागद आणि दुरुस्त रिटर्न वकिलामार्फत कर खात्याला पाठवला. काही महिन्यांनी तिचं प्रकरण बंद झाल्याचं पत्र आलं. माझ्या मुलाने आपणहून दुरुस्त रिटर्न भरला, वरची रक्कमही स्वतःच्या पगारातून परत केली. पण त्या गडबडीत त्याचा कामाचा परवाना लांबला आणि हातातली नोकरी गेली. दुसरी लागायला बरेच महिने गेले. तेवढे दिवस तो फोनवर आईशी बोलायचा, मला फक्त "बरे आहात ना" विचारायचा. मला कारणे दाखवा नोटीस आली आणि शेवटी सक्त ताकीद मिळाली. सेवापुस्तकात ती आहे. मी अपील केलं नाही.

निवृत्तीच्या थोडं आधी माझी दारव्ह्याला बदली झाली. एके दिवशी दुपारी त्या बाई तिथे आल्या. मुलीला तिकडेच नोकरी लागली होती, ते सांगायला पेढे घेऊन आल्या होत्या. मला ते हातात घेववेनात.

"ताई," मी म्हटलं, "तुम्ही सोमवारी आलात, आणि मी गुन्हा गुरुवारी दाखल केला. मुद्दाम. माझ्या पोराचं नाव येईल म्हणून. त्या तीन दिवसांत त्या सल्लागाराने पुरावा पुसला."

त्यांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत.

"ते तीन दिवस माही पोरगी जेवली नव्हती, साहेब," त्या म्हणाल्या. "फोनवर म्हणे, आई, मी परत येऊन जातो. मी म्हणत होती, थांब, साहेब करून राह्यले."

मग त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, माझ्या मुलाच्या नोकरीची चौकशी केली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाल्या.

आज परदेशी जाणारी मुलं, त्यांचे आईवडील माझ्याकडे सल्ला विचारायला येतात. मी त्यांना सांगतो की रिटर्न कोणीही भरून देवो, तो तुमच्या नावाने जातो. मसुदा लेखी घ्या, पासवर्ड देऊ नका, आणि प्रत्यक्षात काय पाठवलं गेलं ते स्वतः उघडून पाहा. हे सांगणं सोपं आहे. नव्या अधिकाऱ्यांना जे सांगतो ते मला सांगताना अजून कठीण जातं. फिर्यादी ज्याचं नाव घेतो तो तुमच्या ओळखीचा निघाला, तर पहिलं काम वरिष्ठांना कळवायचं, त्याच तासाला. चौकशीच्या नावाखाली वेळ काढायला आपल्याकडे शंभर रीतसर कागद आहेत आणि त्यातला एकही तुम्हाला चुकीचा वाटणार नाही. मला वाटला नव्हता. आणि तिकडे फुलसावंगीत एक आई आपल्या उपाशी पोरीला माझा भरवसा देत होती.