वाढपी तात्या बोटीवर

तात्यांनी जन्मात कधी पहिल्या पंगतीत जेवण केलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला पोटात मावेल एवढंच जेवू दिलं नाही. माझ्या नवऱ्याचे हे थोरले चुलतभाऊ. निलंग्यात बी-बियाण्याचं दुकान होतं, पण ते मुलगा बघायचा. तात्या गावभरच्या लग्नांत वाढायचे. पानावर कुणी हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून बुंदी सोडायचे. "पोट भरलं, तात्या," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मी इचारलं का?" पाहुण्याला स्वतःच्या पोटाचा अंदाज नसतो, तो वाढणाऱ्याला असतो, हे त्यांचं शास्त्र. या शास्त्रावर निलंग्यातल्या औषध दुकानांनी बरा धंदा केला.

पुढे कार्यालयांत बुफे आला आणि तात्या बेकार झाले. ताट घेऊन रांगेत उभ्या माणसाला आग्रह करता येत नाही. तो पुढे सरकतो. तात्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "ह्ये जेवण न्हाई, चारा छावणी हाय." पत्रिका येत, पण वाढायला कुणी बोलावत नसे. बघता बघता माणूस निम्मा झाला.

मुलाला बापाजवळ बसायला वेळ नव्हता, म्हणून त्याने पैसे भरून त्यांना आमच्याबरोबर सहलीला धाडलं. मेकाँग नदीवरची मोठी बोट. निम्मे आम्ही लातूरकडचे, निम्मे गोरे म्हातारे. सकाळी डेकवर हातपाय हलवायचे, मग नाश्ता, मग छोट्या होडीतून एखादं गाव बघून यायचं, जेवायचं, झोपायचं, चहा घेत मातकट पाण्याकडे बघायचं, पुन्हा जेवायचं. खोलीत रोज पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला असे. "काम न्हाई, धंदा न्हाई, नुसतं खाऊन राहिलेत सगळे," तात्या म्हणाले, "आन् तेबी आपल्या हातानं घेऊन!"

दुसऱ्याच दिवशी ते भाताच्या भांड्यामागे गेले आणि डाव उचलला. पांढरा सदरा, पांढरी टोपी. गोऱ्यांना वाटलं बोटीचाच माणूस आहे. त्यांनी "नो, नो" म्हटलं की तात्या "लिटल, लिटल" म्हणत दोन डाव घालायचे. लोक हसले, फोटो काढले. तात्यांच्या अंगावर मांस चढल्यासारखं दिसायला लागलं.

मग त्यांनी घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी बाहेर काढली. एका उंच म्हाताऱ्याच्या ताटात ढीग घातला. त्याने चमचा तोंडाशी नेला आणि त्याच्या बायकोने किंकाळी फोडून तो उडवला. शेंगदाणा खाल्ला की त्याचा घसा सुजतो, श्वास बंद होतो, असं आमच्या गाइडने सांगितलं. बोटीची मॅनेजरबाई आली. हात जोडले आणि तात्यांच्या हातातला डाव काढून घेतला. यापुढे कुठल्याही भांड्याला हात लावायचा नाही.

"शेंगदाण्यानं माणूस मरतो? आपल्याकडं तर त्यावरच जगतो," तात्या मोठ्यानं म्हणाले. पण चेहरा पांढराफटक पडला होता. त्या जेवणापासून त्यांनी अन्न सोडलं.

"मानी माणूस आहे," माझा नवरा म्हणाला आणि स्वतः दुसऱ्यांदा भात घेतला. मानी माणसाला शुगरच्या गोळ्या चालू होत्या, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. दुसऱ्या दिवशी तात्यांचे हात थरथरायला लागले.

"तात्या, जेवा."

"सगळ्यांचं झाल्याबिगर मी कधी जेवलोय का, सुनंदा? आन् मी वाढल्याबिगर त्यांचं झालं, हे मला कसं कळावं?"

याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी गाइडला धरून मॅनेजरबाईकडे नेलं. म्हटलं, हा माणूस तुमच्या बोटीवर चक्कर येऊन पडणार आहे. ज्याने कुणी मरत नाही असं काहीतरी त्याच्या हातात द्या. बाईने विचार केला आणि पाण्याचा जग दिला.

आता, आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. घरी हेच तात्या पाहुण्याला अर्धा पेला देत. "आधी येवढं प्या, लागलं तर दीन." बुंदीला सढळ असलेला माणूस पाण्याला चिकट. तो त्या दिवशी सुटला. "येवढ्या नदीत बसून पानी नको म्हनतो? घे!" पेले काठोकाठ, टेबलावरची चादर ओली. चटणीवाल्या म्हाताऱ्यापुढे मात्र ते नुसते जग धरून उभे राहिले. म्हाताऱ्याने पेला पुढे केला. एका दमात प्याला. "नो, नो," म्हणाला.

"मी इचारलं का?" म्हणत तात्यांनी पुन्हा भरला.

मग सगळ्यांच्या शेवटी, एकटे बसून, ते तीनदा भात मागून जेवले. त्या सहलीत गोऱ्या म्हाताऱ्यांना रात्री किती वेळा उठावं लागलं, याची चौकशी मी केली नाही.

गेल्या वर्षी तात्या गेले. तेराव्याला मुलाने कार्यालय घेतलं आणि बुफे ठेवला. कोपऱ्यात सीलबंद बाटल्यांचा ढीग, खाली अर्ध्या पिऊन टाकलेल्यांचा. मुलगा फोन कानाला लावून लांबूनच "जेवून जा हं" करत होता. मी ताट खाली ठेवलं, आतून पाण्याचा जग आणला आणि पहिला पेला त्याच्यापुढे धरला.

"आत्ताच प्यालो, काकू."

"मी इचारलं का?"

त्याने फोन खाली घेतला. पेला संपेपर्यंत मी समोरून हलले नाही. संपला तसा पुन्हा भरला.