कॅसेटवरची टिकली

ये वं पोरी, जवळ बस. इतक्या दिवसांनी तोंड दाखवतेस, शोभतं का तुला? तुझ्या या लॅपटॉपच्या तापलेल्या प्लास्टिकचा वास आला, अन् मला नागपूरचा तो उन्हाळा आठवला, कूलरचा ओला वाळा अन् दिराने आणलेला छोटा कॉम्प्युटर. बंद केला की तो सगळं विसरायचा, म्हणून दिराने त्याला टेपरेकॉर्डर जोडला. कॅसेटवर सगळं जपून राहते म्हणे. अन् कॅसेट कोणती घेतली? माझ्या आईची! सावनेरला माहेरी मी टेप तिच्यासमोर धरला, तेव्हा "काय बोलू वं याच्यात?" म्हणून ती खळखळून हसली होती. ती गेल्यावर तेवढाच आवाज उरला होता. कोणी पुसू नये म्हणून मी कॅसेटच्या कडेचा तुकडा मोडून ठेवला होता. या माणसाने त्या खाचेवर आरशावरची माझीच टिकली चिकटवली, खाच बुजली की कॅसेटवर पुन्हा भरता येते म्हणे! लावून पाहते, तर आईच्या जागी नुसती त्या कॉम्प्युटरची किरकिर. "काहून पुसली, भाऊजी?" तर आंब्याची कोय चोखत म्हणतो, "त्यात कामाचं काहीच नव्हतं, वहिनी." शी! त्याच्या हनुवटीवरून रस ओघळून राहिला होता. तू मात्र लवकर लवकर येत जा वं. बोलायला काही नसलं तरी चालेल, नुसती हसून जा.