एकाच फांदीची दोन चित्रं

संशयाचा फायदा म्हणतात ना, तो आमच्या सासूबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला दिलेला नाही. मला तर नाहीच नाही. मी या घरात आले त्याला सतरा वर्षं झाली, अजून मी चहात साखर घालायला लागले की त्यांची मान डब्याकडे वळते. दूधवाला पाणी घालतो, इस्त्रीवाला चांगली बटणं काढून साधी लावतो, शेजारीण आपल्या कुंडीतली माती नेते. कुंडीतली माती कोण नेतं, मला सांगा. पण त्यांनी कुंडीच्या आत खडूनं रेघ मारून ठेवली होती, माती उतरली तर कळावी म्हणून.

त्यांचा पेशाच तो. अडतीस वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं, आणि परीक्षेच्या हॉलवर सुपरव्हिजनला त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मुलं त्यांना दुर्बीण म्हणायची. हे त्यांना ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. कॉपी धरायची त्यांची एक रीत होती, ती त्या घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकवायच्या. "बरोबर उत्तरं शंभर जणांची सारखी येतात, त्यात काय मोठं? चूक सारखी आली की समजावं." अशा सारख्या चुका धरून त्यांनी किती कागद ओढून घेतले असतील त्याला गणती नाही.

अशा बाईला मैत्रीण कुठून असणार? सासरे गेले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून यांना कुणाचा "येतेस का गं" म्हणून एक फोन आलेला मी ऐकला नव्हता. मला त्यांची दया यायची, आणि खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त माझी स्वतःची यायची. मी घरीच शिवणकाम करते, शाळांचे गणवेश. दिवसभर माझं मशीन पुढे आणि दुर्बीण मागे.

म्हणून ग्रंथालयाच्या दारावर वनस्पतींची चित्रं शिकवण्याच्या वर्गाची पाटी दिसली तशी मी परस्पर त्यांचं नाव घालून आले.

"मला घराबाहेर घालवून तुला काय करायचंय?" त्यांनी विचारलं.

"झोपायचंय," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं, म्हणून त्यांना पटलं नाही. यात काहीतरी काळंबेरं आहे ते बघायला म्हणून त्या पहिल्या शनिवारी गेल्या, आणि मग जातच राहिल्या.

वर्ग ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत, तीन ते साडेपाच. शिकवणारे सर एका कॉलेजात झाडांच्या आकृत्या काढण्याचं काम करून निवृत्त झालेले. एका टेबलाला दोन माणसं, समोरासमोर, आणि मध्ये पाण्याच्या बाटलीत एक फांदी. आधी फूल काढायचं, कारण ते आधी मान टाकतं. मग पानं. कर्कटकानं माप घ्यायचं, पान जेवढं तेवढंच चित्रात आलं पाहिजे. पाकळ्या मोजायच्या, शिरा मोजायच्या, पानाला किड्यानं भोक पाडलं असेल तर ते भोकही काढायचं, उगाच बुजवायचं नाही. सासूबाईंना हे इतकं मानवलं की विचारू नका. एकटक रोखून बघायचं, आणि समोरचं रडत नाही की उलटून बोलत नाही.

त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसायच्या त्या सिस्टर. मोठ्या हॉस्पिटलात तीस वर्षं वॉर्ड सांभाळून घरी बसलेल्या, जाडजूड, मोठ्यानं हसणाऱ्या. तिसऱ्या आठवड्यापासून आमच्या घरात "सिस्टर म्हणत होत्या" असं सुरू झालं. सिस्टरांना हिरवा रंग मिसळायला छान जमतो. सिस्टरांनी माझ्या पाठीला उशी आणली. मग रोज सकाळी आठला फोन यायला लागला. एकदा तर सासूबाईंच्या खोलीतून हसू ऐकू आलं. मी मशीन थांबवलं. नवरा तोंडात ब्रश धरून बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "आई हसतेय? बरी आहे ना?"

आणि माझं बघा. इतकी वर्षं या घरात काढली, वाण नाही पण गुण लागलाच. माझ्या मनात आलं, या सिस्टरला यांच्याकडून हवंय तरी काय? काही नको होतं त्या बाईला. त्यांना सासूबाई आवडल्या होत्या, एवढंच. हे एकदा मला पटलं, तेव्हा मी ठरवून टाकलं की काय वाटेल ते झालं तरी ही मैत्री टिकली पाहिजे. सत्तरीला आलेल्या माणसाला दुसरी मैत्रीण मिळत नसते.

आठव्या शनिवारी सासूबाई साडेचारलाच परत आल्या. पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "पकडली."

"कुणाला?"

"सिस्टरला."

झालं होतं ते असं. त्या दिवशी बाटलीत जी फांदी होती तिची पानं एकाआड एक येतात. एका पेरावर एक पान, वरच्या पेरावर दुसऱ्या बाजूला एक. सर फिरत फिरत सासूबाईंच्या मागे आले आणि त्यांनी चित्रातल्या तिसऱ्या पेरावर लाल पेन्सिलीनं टिंब दिलं. तिथे दोन पानं समोरासमोर होती. "बाई, या झाडाला असं नसतं," ते म्हणाले. सासूबाईंनी मान्य केलं, डोळे थकले असतील म्हणून. मग सर पलीकडे गेले. सिस्टरांच्या चित्रात, तिसऱ्याच पेरावर, तसंच. दोन पानं समोरासमोर.

सारखी चूक. चौदा माणसांदेखत सासूबाई उठल्या आणि त्यांनी सिस्टरांच्या हाताखालचा कागद ओढून घेतला.

"सरांनी बघितला तरी का तो नीट?" मी विचारलं.

"पुरावा असा हातोहात फिरवायचा नसतो." कागद त्यांच्या पिशवीत होता. जप्त करून आणला होता बाईंनी.

"आणि सिस्टर काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? 'मी नाही कॉपी केली, बाई, मला दिसलं ते काढलं.' सगळे हेच म्हणतात. मग पेन्सिली डब्यात भरल्या आणि गेली निघून. मन साफ असलेला माणूस असा उठून जातो का?"

"आणि बसून राहिल्या असत्या तर?"

"तर निर्ढावलेली म्हटलं असतं," सासूबाई म्हणाल्या. आणि हे त्या अगदी मनापासून म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, परीक्षा होती का ती? नंबर मिळणार होता का कुणाला? साठी उलटलेली बाई तुमचं चित्र चोरून करणार काय? त्यावर त्यांनी मला विचारलं, की तू तिची बाजू का घेतेस, तुमचं आधीपासून बोलणं होतं का. मी हातातली कात्री खाली ठेवली.

रविवारी आठला फोन वाजला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. आठ वाजून पाच मिनिटांनी सासूबाई फडकं घेऊन फोन पुसायच्या. पुढच्या शनिवारी त्या वर्गाला गेल्या तर समोरची खुर्ची रिकामी. सिस्टरांनी नाव काढून घेतलं, असं सरांनी सांगितलं. "बघ, चोराच्या मनात चांदणं," घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या. पण रात्रीचं अर्धं ताट तसंच टाकलं, आणि उशी वर्गात विसरून आल्या.

बुधवारी दुपारी त्या दोन्ही कागद घेऊन माझ्यापाशी आल्या. "तू मापं घेणारी आहेस. बघ, केसाचा फरक आहे का." आवाज नेहमीचाच होता, पण मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला कळलं की त्यांना झोप लागत नाहीये. मीही 'सारखंच आहे' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मी कागद कापायच्या टेबलावर पसरले. शेजारी शर्टाच्या बाह्या कापून पडल्या होत्या. शिवणकामात पहिली अक्कल येते ती हीच, की डावी बाही आणि उजवी बाही मापाला सारखी असली तरी एक नसते, आणि कापडाची सुलट बाजू कुठली आणि उलट कुठली हे विसरलं की सगळा दिवस उसवण्यात जातो.

"आई, भोक कुठल्या पानाला आहे तुमच्या?"

"डाव्या."

"आणि त्यांच्या?"

त्यांनी बघितलं. "उजव्या."

"तुमचं पान गुळगुळीत आहे, वरून दिसतंय. त्यांच्या पानाच्या शिरा फुगलेल्या आहेत, म्हणजे ते खालून दिसतंय. हे सुलट, हे उलट. तुमचं बघून काढलं असतं तर भोक डावीकडेच आलं असतं की नाही? त्या पलीकडे बसल्या होत्या, आई. त्यांनी फांदी त्यांच्या बाजूनं काढली."

"पण चूक सारखी..."

"चूक कुठली? दोन बाजूंनी दोघींना तिथे दोन पानं दिसली, म्हणजे तिथे दोनच पानं होती."

त्यांनी भिंग आणलं. कितीतरी वेळ एकदा हा कागद, एकदा तो. दूधवाल्यावर विश्वास नाही, माझ्यावर नाही, मैत्रिणीवर नाही, स्वतःच्या डोळ्यांवरसुद्धा नाही. पण सरांच्या टिंबाला एका शब्दानं विचारलं नव्हतं. लाल पेन्सिलीचं टिंब होतं ना ते. सरांना फोन केला तर ते ओशाळून म्हणाले, हो, कधीकधी एखाद्या पेरावर दोन पानं एकदम फुटतात, मी फांदीकडे बघायलाच विसरलो.

त्याच संध्याकाळी आम्ही सिस्टरांच्या घरी गेलो. तिसरा मजला. त्यांनी दार उघडलं, आत घेतलं, बसायला खुर्च्या दिल्या. हसल्या मात्र नाहीत. सासूबाईंनी दोन्ही कागद टेबलावर मांडले आणि भोक, शिरा, डावं, उजवं असं सगळं क्रमानं समजावून सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही कॉपी केली नव्हती, हे सिद्ध झालं." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "कागदानं सांगितलं ते तुम्हाला पटलं," त्या म्हणाल्या. "मीही तेच सांगितलं होतं, बाई. तुमच्यासमोर बसून."

सासूबाईंनी आपलं चित्र उचलून हातात घेतलं. मग म्हणाल्या, "माझं चुकलं." सतरा वर्षांत हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

"हो," सिस्टर म्हणाल्या.

"शनिवारी याल?"

"येईन. मला आवडतं तिथे. पण सरांना सांगून दुसऱ्या टेबलाशी बसेन. तुमच्यासमोर आता माझा हात चालायचा नाही." त्यांनी आपला कागद उचलून घेतला आणि आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या.

जिन्यात, पहिल्याच वळणावर, सासूबाईंनी कठडा धरला.

"दम लागला का?" मी विचारलं.

"नाही गं." त्या पायरीवर बसल्या. "एक मुलगी होती शाळेत. शेजारच्या बाकावरचीशी चूक सारखी आली म्हणून मी धरली तिला. ती म्हणाली, मी नाही केली. मी कागद ओढला आणि वर पाठवून दिला. वर्ष गेलं तिचं. पुढे शाळेतच आली नाही."

"आई, तिनं केलीही असेल कॉपी."

"असेल. मी तो कागद दुसऱ्यांदा बघितलाच नाही." त्या हातातल्या चित्राकडे बघत होत्या. "रोज हजेरीत पुकारायचे, आणि आता तिचं नाव आठवत नाहीये मला."

मी त्यांच्याशेजारी बसले. वरून कुणीतरी उतरत आलं आणि वाट मागितली, तेव्हा आम्ही उठलो.