डेलमरच्या डब्यातले चार कागद

कॅन्ससमधल्या त्या विमान कारखान्यात नकाशाविभागाच्या दारावर व्हर्ना स्टकी एकोणीस वर्षं बसली होती. लाल शिक्क्याचा, म्हणजे गुप्त नकाशाचा, कागद आत यायचा तो वहीत नोंद होऊन, आणि बाहेर जायचाच नाही. संध्याकाळी प्रत्येकाची पिशवी, डबा, कोटाचे खिसे ती स्वतः तपासायची. माणसं वैतागायची. डेलमर उन्रू मात्र कधी वैतागला नाही. विमानाच्या भागांचे नकाशे काढणारा विभागातला सगळ्यांत जुना ड्राफ्ट्समन तो. व्हर्नाचा नवरा गेला त्या हिवाळ्यात तिच्या दारातला बर्फ रोज हाच उपसून जायचा.

"बघ गं नीट, आज अख्खा पंख नेतोय," म्हणत तो डबा पुढे करायचा.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी डब्यातल्या पावाखाली तिच्या बोटांना कागदाची घडी लागली. लाल शिक्क्याचे चार कागद. रांगेत मागे कोणी नव्हतं.

"डेलमर, हे काय?"

कागदांच्या कडेला त्याच्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'हा भाग मीच काढलाय. माझं टेबल खिडकीजवळचं.'

"सकाळी आलो की काही आठवत नाही गं," तो म्हणाला. "घरी वाचून ठेवतो, म्हणजे दुसरा दिवस निभतो."

"परत ठेवून ये. मी काही पाहिलं नाही."

"घरी अजून अकरा आहेत."

मग तिच्या हातात काही उरलं नाही. तिनं वही ओढली.

"चोरले म्हणून लिही," तो म्हणाला. "विसरतो म्हणून नको. घरी आयलोला कळता कामा नये. तिनं सात वर्षं स्वतःच्या आईचं हेच दुखणं काढलंय. आता पुन्हा बायको म्हणून माझं?"

व्हर्नानं कारणाच्या रकान्यात लिहिलं : सांगितले नाही.

त्याला पुढच्याच आठवड्यात कामावरून काढलं. तो नकाशे विकत होता, असं गावानं ठरवून टाकलं. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कोणी बसेना. व्हर्ना गप्प राहिली.

दोन वर्षांनी त्याला स्वतःचं घरही ओळखू येईना, तेव्हा ती भेटायला गेली. आयलो त्याला चमच्यानं शेंगांचं सूप भरवत होती. त्याची हनुवटी पुसता पुसता तिनं विचारलं, "तो विसरायला लागलाय, हे तुला तेव्हाच माहीत होतं?"

"हो. त्यानंच सांगू नको म्हटलं होतं."

आयलोनं वाटी खाली ठेवली.

"चोर समजून मी वर्षभर त्याच्याशी धड बोलले नाही, व्हर्ना. तेव्हा तो भानावर होता गं. बोलला असता माझ्याशी."

डेलमर पुढच्या घासासाठी तोंड उघडून थांबला होता. कोणीच चमचा उचलेना, तेव्हा त्यानं ते हळूच मिटलं.