पाठीचा तक्ता

माझ्या प्रबंधातलं 'चर्चा' हे प्रकरण आज वाचलं तरी मला शिसारी येते. म्हणजे पहिला खर्डा. तो मी जपून ठेवलाय, स्वतःलाच चिमटे काढायला.

विषय होता निपाणीच्या बिडी वळणाऱ्या बायकांचं आरोग्य. मी हिंडलग्याची, रोज बेळगावला कॉलेजात शिकवून सुट्टीच्या दिवशी निपाणीची बस धरायची. गाईड सरांनी खर्ड्यावर लाल शेरा मारला होता : 'चर्चा कमकुवत. आधार वाढवा.' मग मी आधार वाढवले. 'हा निष्कर्ष पूर्वीच्या अभ्यासांशी सुसंगत आहे' हे एकच वाक्य मी सात प्रकारे फिरवून लिहिलं. सरांच्या कपाटातल्या जुन्या प्रबंधांत हेच चाललेलं, त्यामुळे लाज वाटायचं कारणच नव्हतं.

एकच तक्ता आडवा येत होता. 'पाठ दुखते का?' या प्रश्नाला बहुतेक बायकांनी 'नाही' म्हटलं होतं. दिवसभर मांडीवर सूप घेऊन वाकून बसणाऱ्या बायका! मी लिहून टाकलं : 'यातून आरोग्यविषयक अज्ञान दिसून येते.' सरांनी समासात 'छान' लिहिलं. मीही खूश झाले. थू माझ्यावर.

मग परिशिष्टासाठी फोटो हवे होते, म्हणून मी निपाणीला एका आक्काच्या घरी गेले. माझ्या यादीतल्याच त्या. मला बघून उठल्या त्या भिंतीला धरून, दोन दमांत, ओठ आवळून.

"आक्का, तुमी तर पाठ दुखत न्हाय म्हणालाता?"

"मग काय म्हणू?" त्या चहाचं आधण ठेवत म्हणाल्या. "तू इचारलंस कारखान्यात, बिड्या जमा करताना. मुकादम म्होरं बसलाता. दुखतंय म्हणलं तर हिच्यानं काम हुईना म्हणून उद्यापास्नं वळायला पान कमी दील त्यो. येडी का खुळी गं तू?"

सगळ्या बायका एका जागी सापडतात म्हणून मी तिथंच बसून प्रश्नावल्या भरल्या होत्या. मुकादमानंच मला खुर्ची दिली होती. आणि अज्ञानी कोण, तर म्हणे बायका.

"काय ल्हिलंयस मग आमच्याबद्दल?" आक्कांनी विचारलं.

"चांगलंच लिहिलंय," मी म्हणाले.

सरांना सांगितलं तर ते वैतागले. "हे लिहिलंत तर तोंडी परीक्षेत तुमचा सगळा डेटा उडवतील. कशाला पायावर धोंडा मारून घेताय? अज्ञान ठेवा, चालतंय." चालतंय! या एका शब्दावर आमच्याकडं किती डॉक्टर झाले असतील, देव जाणे.

पदवी हातची जायची भीती मलाही होतीच. तरी मी प्रबंध सादर करणं पुढं ढकललं आणि एकेका बाईच्या घरी जाऊन तोच प्रश्न पुन्हा विचारला. कुणी पाठीला बांधलेलं फडकं सोडून दाखवलं, कुणी नुसतीच हसली. नवा तक्ता जुन्याशेजारी ठेवला आणि खाली लिहिलं : 'बायकांना दुखणे माहीत होते. प्रश्न कुठे विचारू नये, हे संशोधकाला माहीत नव्हते.' त्या प्रकरणात माझं स्वतःचं असं तेवढंच होतं.

ते पान घेऊन मी आक्कांकडं गेले आणि वाचून दाखवलं. मला वाटलं, त्या खूश होतील. पण त्यांच्या हातातली बिडी अर्धी वळलेलीच राहिली.

"मुकादम वाचंल का गं ह्ये?"

नावं घातलेली नाहीत हे सांगून त्यांचं समाधान होईना. सरांच्या कपाटात धूळ खात पडलेले ते प्रबंध माझ्या डोळ्यांपुढं आले.

"न्हाय आक्का," मी म्हणाले. "ह्ये कोनीच वाचत न्हाय."

"मग बरं झालं," म्हणत त्यांनी बिडी पुरी वळली.